आधी वारा, मग पॅनेल

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात आणि खाली साताऱ्यात नवा फ्लॅट घेणारा पहिल्याच उन्हाळ्यात एसीवाल्याला फोन लावतो. सांगलीकर तर ताबा मिळायच्या आधीच लावतो. डोंगरावरच्या वाऱ्याची वीज करायची आणि त्या विजेवर खोलीत वारा आणायचा, हा द्राविडी प्राणायाम आता कोणाला खटकतही नाही.

यावर हमखास उत्तर मिळते : गच्चीवर सौर पॅनेल बसवा, घर कार्बन-तटस्थ झाले. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, ते जरूर घ्यावे. पण हिशेब पुरा करू. हजार चौरस फुटांच्या आरसीसी घराला ठेकेदारांच्या ढोबळ मापाने 400 पोती सिमेंट आणि 4 टन सळई लागते. या 20 टन सिमेंटपायी 12 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो, आणि त्यातला मोठा वाटा इंधनाचा नसून भाजताना चुनखडीतूनच सुटलेला असतो. सळईचे आठ-नऊ टन वेगळे. 3 किलोवॉटचे पॅनेल रोज सरासरी 12 युनिट देते. ग्रिडच्या सध्याच्या सरासरीने ते वर्षाला 3 टन कार्बन डायऑक्साइड वाचवते. वास्तुशांतीच्या दिवशी डोक्यावर असलेले हे देणे फिटायला सात वर्षे लागतील, तीही घराने स्वतः एक युनिटही वापरले नाही तर! दोन एसी लावले की ते 12 युनिट घरातच जिरतात आणि सिमेंटचे देणे जागच्या जागी राहते.

दुसरा पक्ष वाड्यांच्या आठवणीत रमणाऱ्यांचा. वाई-मेणवलीला जाऊन यायचे, नाना फडणविसांच्या वाड्यात भर दुपारी गार वाटले की ‘आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ म्हणायचे. चौक, जाड भिंती, सावलीच्या पडव्या हे शहाणपण खरेच. तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि तिच्या जागी पडवीतली गार हवा खोल्यांत येते. पण त्याच जुन्या घरांत अंधारी माजघरे होती, बाळंतिणीची कोंदट खोली होती आणि चुलीच्या धुराने डोळे चोळणारी बाई होती. वाड्याची स्तुती करणारा सहसा ओसरीवर बसलेला असतो. शिवाय 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती माणसांवर कोसळल्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा पुराच्या पाण्यात मातीच्या भिंतींचा चिखल झाला. या दोन जिल्ह्यांत कोणी ‘पुन्हा मातीकडे’ म्हणत असेल तर त्याने आधी भूकंपपट्टा आणि पूररेषा पाहावी. वाड्याचा चौक घ्यावा, चिखलातली चिणाई घेऊ नये.

खिडकीच्या वाऱ्यावर घर गार ठेवा म्हटले की येणारा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : खिडक्या उघडल्या की धूळ, डास आणि एप्रिलची झळ आत येते. अगदी खरे आहे, म्हणून दुपारी त्या बंदच ठेवाव्यात. पण आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपार आणि पहाट यांत पंधरा अंशांच्या आसपास फरक असतो. रात्रभर वारा खेळला तर दिवसभर तापलेली भिंत निवते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साथ देते. त्यासाठी वाऱ्याला आत यायला वाट हवी तशी बाहेर जायलाही हवी. नव्या फ्लॅटची बेडरूम पाहा : एक खिडकी, एक दार. रात्री दार लागले की वारा कोंडला. पूर्वी दारावर झरोका असे. आता तिथे सामान कोंबायला माळा असतो. आणि ती एकुलती खिडकी दोन ट्रॅकची ॲल्युमिनियमची स्लायडिंग! चार फूट रुंदीचे पैसे मोजा आणि दोन फूट वारा घ्या, कारण एक काच नेहमीच दुसरीच्या मागे उभी. बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते, जाळीच्या पल्ल्याने डास अडतात, गजांनी चोर अडतो. केंद्राच्या 2018 च्या इको-निवास संहितेने म्हणूनच वायुविजनासाठी खिडकीचा आकार न मोजता तिचा उघडणारा भाग मोजला आहे : उष्ण-कोरड्या भागात खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या किमान 10 टक्के, उष्ण-दमट भागात 16.66 टक्के.

नकाशा मात्र सर्वत्र एकच चालणार नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस, त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तिकडे खोल छज्जा आणि भिंतीतली ओल आटवणारी हवा लागते, तर इकडे जत-आटपाडीला पश्चिमेची भिंत जवळजवळ आंधळी ठेवून गच्चीला पांढरा चुना मारावा लागतो. वरच्या मजल्याचा निम्मा ताप स्लॅबमधूनच उतरतो, आणि चुन्याचा खर्च एसीच्या एका महिन्याच्या बिलाएवढाही नसतो.

‘हे सगळे महाग पडते,’ असे बिल्डर म्हणतात. समोरासमोरच्या भिंतींना खिडक्या कागदावर काढायला एक रुपया जास्त लागत नाही. एका मजल्यावर चारऐवजी सहा फ्लॅट बसवायचे असतात तेव्हाच त्या महाग होतात. तेव्हा प्रश्न आर्किटेक्टच्या टेबलावरच विचारला पाहिजे, आणि सातारा नगरपालिकेत किंवा सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत प्लॅन पास करणाऱ्याने प्रत्येक खिडकीपुढे दोन आकडे लिहून मागावेत : खिडकी केवढी आणि उघडते किती. फ्लॅट बुक करणाऱ्यानेही तेच करावे. सँपल फ्लॅटमध्ये आधी एसी बंद करायला सांगावा, बेडरूमचे दार लावून दहा मिनिटे आत बसावे आणि मग भावाचे बोलावे.