एपीआयने किती माहिती द्यायची, हे डेव्हलपरवर सोडू नका!

माझ्या दुकानाची वेबसाइट नवीनच सुरू झाली होती. एक दिवस नेहमीच्या गिऱ्हाईक काकूंचा इंजिनिअरिंगवाला मुलगा काउंटरवर आला. म्हणाला, "दादा, हा तेलाचा डबा तुम्हाला एवढ्याला पडतो ना?" आकडा रुपयाचाही फरक नाही! माझा खरेदी भाव ह्याला कळला कसा?

एपीआयमधून. एपीआय म्हणजे काउंटर आणि गोडाऊनमध्ये धावणारा पोऱ्या समजा. स्क्रीन मागते, तो सर्व्हरवरून आणून देतो. आमच्या डेव्हलपरने प्रत्येक वस्तूसोबत सप्लायर, खरेदी भाव, स्टॉक, सगळंच जोडलं होतं. का? तर "पुढे लागलं तर असू दे." स्क्रीनवर ते दिसत नव्हतं, पण ब्राउझरपर्यंत येत होतं. आणि तिथवर आलेलं कुणीही उघडून बघू शकतो. ओवास्प या संस्थेच्या २०१९ च्या एपीआय धोक्यांच्या यादीत ही चूक तिसऱ्या नंबरवर होती. म्हणजे फक्त आपणच चुकतो असं नाही.

रागाच्या भरात मी म्हटलं, सगळं काढ, फक्त आयडी नंबर ठेव. मग उलटाच घोळ! ५० ऑर्डरींची यादी उघडायला एक फेरी, आणि प्रत्येक ग्राहकाच्या नावासाठी वेगळी एकेक. झाल्या ५१ फेऱ्या. पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. डेव्हलपर याला 'एन प्लस वन' म्हणतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: किती द्यायचं हा कोडिंगचा नाही, धंद्याचा निर्णय आहे. तो मालकाने घ्यायचा. कसा? तीन प्रश्न विचारा.

१. या स्क्रीनवर नक्की काय दिसणार? ऑर्डरच्या यादीत ग्राहकाचं नाव हवं, तर नाव सोबतच द्या. त्याचा पत्ता आणि जुन्या ऑर्डरी नकोत.

२. कधीतरीच काय लागतं? ते मागितल्यावरच द्या. स्ट्राइप ही पेमेंट कंपनी असंच करते. पेमेंटसोबत ग्राहकाचा फक्त आयडी येतो, पूर्ण माहिती हवी तर 'एक्स्पांड' लिहून मागायची.

३. समोर कोण आहे? खरेदी भाव ग्राहकाने मागितला तरी जाता कामा नये. डिलिव्हरीवाल्याला आजचा पत्ता पुरे, वर्षभराचा हिशोब नको.

आणि यादीला मर्यादा घाला. वर्डप्रेसची एपीआय एका वेळी १० नोंदी देते, मागितल्या तरी जास्तीत जास्त १००.

काहीजण म्हणतील, छोट्या दुकानाला एवढं कशाला? अहो, मोठ्या कंपनीकडे चूक निस्तरायला माणसं असतात. आपल्याकडे फक्त गिऱ्हाइकाचा विश्वास असतो. आपण गल्ल्याची चावी कुणालाही देत नाही ना? मग आजच डेव्हलपरला फोन करा आणि विचारा, "आपली एपीआय नक्की काय काय बाहेर देते, जरा दाखव बरं."