प्रतिज्ञेतील ‘मी’ आणि घराचा धर्म

महाड-पोलादपूर परिसरातील मौखिक साहित्य अभ्यासताना ‘धर्मांतरित कुटुंब’ ही संज्ञा सोयीची वाटते. तथापि ती सदोष आहे. धर्म स्वीकारते ती व्यक्ती. कुटुंबाची नोंद मागाहून होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा प्रथमपुरुषी एकवचनात आहेत. या ‘मी’ची पूर्वपीठिका महाडमध्ये सापडते. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या पाण्यावर हक्क सांगितला गेला. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच डिसेंबरात महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वतंत्रपणे संबोधिले आणि लुगड्याच्या व दागिन्यांच्या धाटणीतून दिसणारी जातीची खूण टाकण्यास सांगितले. आपली ओळख स्त्रीने स्वतः घडवावी, हा त्यातील आशय होय.

एका घरात दोन श्रद्धा नांदण्याचा काळ मराठी साहित्यास अपरिचित नाही. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. पत्नीचा निर्णय पतीच्या मागोमाग आपोआप झाला नाही, यातच ‘स्मृतिचित्रे’चे बळ आहे. हा अवधी लक्ष्मीबाईंना देणारी समीक्षा कोकणातील निरक्षर आईस तो नाकारू शकत नाही. मुंबईस चाकरी करणाऱ्या मुलाने दीक्षा घेतली आणि गावी आई जात्यावर कुलदेवतेची ओवी म्हणत राहिली, तर त्या ओवीस ‘अपुऱ्या धर्मांतराचा अवशेष’ म्हणणे अन्यायाचे ठरेल.

प्रतिज्ञांनी जुनी दैवते निःसंदिग्धपणे नाकारली आहेत. तेव्हा अशी मुभा म्हणजे चळवळीशी प्रतारणा, असा आक्षेप येईल. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु नकारास मूल्य येते ते ज्याचा त्याने उच्चारल्यामुळेच. मुलाने आईच्या वतीने केलेला नकार प्रतिज्ञेच्या व्याकरणातच बसत नाही.

कागदोपत्री नोंदीही येथे निर्णायक नव्हेत. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्माशी जोडला होता. केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश १९९० मध्ये झाला. मधल्या चौतीस वर्षांत दाखल्यावरील धर्म आणि मनातील धर्म एकच होता, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून संकलकाने घराचा धर्म विचारून थांबू नये. कोणी, केव्हा, काय स्वीकारले आणि काय सोडले, हे प्रत्येकाच्या तोंडून नोंदवावे. अन्यथा ओवी आईची राहील आणि तिचा अर्थ मात्र कुटुंबप्रमुखाचा होईल.