सुया टोचणाऱ्याची पदकं

गुडघेदुखीवर यापूर्वी लिहून झालं आहे, त्यामुळे तो विषय नाही. आज जरा भांडायचं आहे.

आमच्या गावच्या शाळेत सैनिकांच्या नावांचा फलक लागतोय. गाव बीड जिल्ह्यातलं, नाव मुद्दामच देत नाही. भावकीतले ओळखतीलच, त्यांनीही गप्प बसावं. गावातून फौजेत कोण गेलं, कोणत्या लढाईत होतं, पदक कोणतं, असा सगळा मजकूर त्यावर येणार. कल्पना उत्तम. यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण निवृत्त मास्तर म्हणजे गावाचा बिनपगारी कारकून.

यादीत मी एका डॉक्टरांचं नाव घातलं. माझ्या वर्गमित्राचे थोरले बंधू. १९७१ च्या युद्धात ते आर्मी मेडिकल कोअरमध्ये कॅप्टन होते, पश्चिम आघाडीवर. जाऊन बरीच वर्षं झाली. पुतण्यानं त्यांची पदकं रुमालात बांधून आणली. संग्राम मेडल आणि पश्चिमी स्टार. कडेवर बारीक अक्षरात त्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं. भिंग लावून वाचलं.

बैठकीत एक सद्गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, हे नाव कशाला? लढले त्यांचं लिहा. डॉक्टरनं काय केलं लढाईत? सुया टोचल्या असतील!" सगळे हसले. दुसऱ्यानं पुस्ती जोडली, "आणि ही पदकं तर समद्यांनाच मिळतात." नाव खोडलं गेलं. वर्गात पस्तीस वर्षं बडबड करणारा मी, त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही. उत्तरं मला नेहमी घरी आल्यावर सुचतात. ती इथे देतो.

आधी 'समद्यांनाच' याचं. खरं आहे. ही शौर्यपदकं नव्हेत. महावीरचक्र, वीरचक्र वेगळं आणि त्या युद्धात सेवेवर होता म्हणून मिळालेलं पदक वेगळं. पण त्याच फलकावर आणखी चार जवानांची नावं आहेत आणि त्यांच्याकडेही नेमकी हीच दोन पदकं आहेत. त्यांच्याबद्दल कुणी ब्र काढला नाही, काढूही नये. मग एकाच पदकाला जवानाच्या छातीवर मान आणि डॉक्टरच्या छातीवर हसू, हा कुठला न्याय? गणिताच्या पेपरात असं उत्तर लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता.

आता सुयांचं. पलटणीचा डॉक्टर शहरातल्या दवाखान्यात बसलेला नसतो. तो पलटणीबरोबर राहतो. त्याचं मदतकेंद्र लढणाऱ्या तुकड्यांच्या जरासं मागे, तोफगोळ्यांच्या टप्प्यात असतं. जखमी पहिल्यांदा येतो तो तिथे. आणि जिनिव्हा करारानुसार या डॉक्टरला शस्त्र फक्त स्वतःच्या आणि जखमींच्या बचावापुरतं वापरता येतं. जखमी शत्रू समोर आला तर त्यालाही तपासावं लागतं. म्हणजे ज्याला मारायची परवानगीच नाही, त्याला आपण विचारतोय की बाबा, किती मारले?

कोरियाच्या युद्धात आपण लढाऊ फौज पाठवली नव्हती, पाठवली ती ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स. प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज, डॉक्टर. १९४१ साली पॅराशूटनं उडी घेणाऱ्या पहिल्या दोन भारतीय सैनिकांपैकी ते एक. (पहिला छत्रीधारी अधिकारी डॉक्टर निघाला, हे आमच्या सद्गृहस्थांना कळवा कुणीतरी!) डिसेंबर १९५० मध्ये प्योंगयांगमधून माघार सुरू झाली, न्यायला गाड्या नाहीत. हाती लागलेल्या जुन्या इंजिनाचा बंब यांनी स्वतः पेटवला आणि सामान गाडीत भरून पूल उडवला जायच्या आत नदीपार नेलं. मार्च १९५१ मध्ये मुनसानीला अमेरिकी छत्रीधाऱ्यांबरोबर यांच्यातल्या बारा जणांनी उड्या घेतल्या. रंगराजांना महावीरचक्र मिळालं.

परमवीरचक्र आजवर २१ जणांना मिळालं, त्यात डॉक्टर एकही नाही, असं कुणी म्हणेल. बरोबर. पण इंग्रजांचा व्हिक्टोरिया क्रॉस पाहा. तो दोनदा मिळवणारे आजवर तीनच, आणि त्यातले दोघे लष्करी डॉक्टर. त्यांपैकी मार्टिन-लीक हे तर आपल्याकडे बंगाल-नागपूर रेल्वेत डॉक्टर होते. आपल्याकडचंच हवं असेल तर मेजर लैश्राम ज्योतिन सिंग. २६ फेब्रुवारी २०१० ला काबूलमध्ये हल्ला झाला तेव्हा हातात शस्त्र नव्हतं. आत्मघातकी हल्लेखोराला त्यांनी मिठीत धरून ठेवलं, तो स्वतःला उडवेपर्यंत. सहकारी वाचले. अशोकचक्र मरणोत्तर, २०११. सुया टोचणारेच होते तेही.

गंमत म्हणजे हेच सद्गृहस्थ सोलापूरच्या कोटणीसांचं नाव निघालं की डोळे पुसतात. शांतारामबापूंचा सिनेमा त्यांच्या मनात बसलाय. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. बाकीचे यथाकाल परतले, कोटणीस राहिले. १९४० च्या एका लढाईत ते सलग ७२ तास शस्त्रक्रिया करत होते. ९ डिसेंबर १९४२ ला गेले तेव्हा वय ३२, मुलगा काही महिन्यांचा. त्यांनी किती जपानी मारले, हे या सद्गृहस्थांनी कधी विचारलं नाही. मग आपल्या गावच्या डॉक्टरलाच का विचारावं? त्याच्यावर सिनेमा निघाला नाही म्हणून?

आमचे डॉक्टर सुट्टीवर यायचे तेव्हा लिंबाखाली खुर्ची टाकून गावाला तपासायचे. लढाईबद्दल मी एकदाच विचारलं. म्हणाले, "डिसेंबरची थंडी फार वाईट. सलाईनच्या बाटल्या ब्लँकेटात गुंडाळून ठेवायचो. पोरांना थंडगार सलाईन कसं लावायचं?" मग एकदम ज्वारीचा भाव विचारला.

पेंटर मंगळवारी येणार आहे. माझाच विद्यार्थी, शुद्धलेखनात कायम नापास. यादी माझ्याच अक्षरात त्याच्याकडे गेली आहे आणि खोडलेलं नाव मी परत लिहिलं आहे, पदकांसकट. समितीला हे इथे वाचूनच कळेल. कुणाला आक्षेप असेल तर त्यानं सोमवारी संध्याकाळी घरी यावं. चहा मिळेल.