प्लेस्टेशन बदलावा का?

शिक्रापूरहून एका ताईंनी विचारले आहे: मुलाकडे प्लेस्टेशन फोर आहे, व्यवस्थित चालतो. आता साठवलेली ईदी आणि अब्बांचा रांजणगावच्या कारखान्यातला बोनस मिळून त्याला प्लेस्टेशन फाइव्ह हवा आहे. ‘चित्र लई भारी दिसतं’ म्हणतो. घ्यावा का?

ताई, केवळ चित्रासाठी घेणार असाल तर थांबा. गेममधला चेहरा छोटे छोटे त्रिकोण जोडून बनवतात. समजा, ६० त्रिकोणांचे डोके केले, तर ते ठोकळ्यासारखे दिसेल. ६०० केले की नाक-डोळे येतात, ६,००० केले की माणूस वाटतो. पुढे ६०,००० केले तर कानाची पाळी जरा गोल होते. काम दहापट, फरक चिमूटभर! टीव्हीचेही तेच. फुल एचडी पडद्यावर सुमारे २० लाख ठिपके, फोर-के पडद्यावर ८३ लाख. पण ४३ इंची टीव्ही आठ फुटांवरून पाहिला, तर साधारण नजरेला हा फरक जेमतेम कळतो.

किंमत मात्र चांगलीच कळते. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये हे यंत्र ४९,९९० रुपयांना आले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबरात, ५४,९९० झाले. पूर्वी अशी यंत्रे जुनी झाली की स्वस्त होत.

या बारीक कामापायी बनवणारेही अडचणीत येतात. २००३ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ नव्याने करण्याचे काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होते. सप्टेंबर २०२० मध्ये झलक आली आणि चित्र जुनाट दिसते म्हणून जगभर टीका झाली. मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रिऑलला गेले, २०२६ च्या जानेवारीत गेम रद्दच झाला. त्याच २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या चमूचा ‘राजी’ आला. पहाडी लघुचित्रांच्या वळणाने रंगवलेला, त्रिकोणांच्या शर्यतीत न उतरलेला. मला तो जास्त देखणा वाटतो.

नव्या यंत्राचा खरा फायदा वेगळा आहे. गेम लवकर सुरू होतो, हालचाल सफाईदार होते, आणि काही नवे गेम जुन्यावर येतच नाहीत. म्हणून मुलाला गेमचे नाव विचारा. ‘स्पायडर-मॅन: माइल्स मोरालेस’सारखा दोन्हींवर चालणारा असेल, तर बोनसला हात लावू नका. फक्त नव्यावर चालणाराच हवा असेल, तर पुढच्या ईदपर्यंत ईदी साठू द्या.