आधी पाहा, मग कापा

दिवाळीत माहेरी रायपूरला गेले, तेव्हा दारातच काहीतरी बिनसल्याचं जाणवलं. बाबांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता आणि बाबा व दादा एकमेकांशी बोलत नव्हते. आईला विचारलं, तर तिनं अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "मला काय विचारतेस? त्या फटफटीला विचार!"

कोपऱ्यात बाबांची राजदूत उभी होती. तिच्या शेजारी पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट भिंतीला टेकवून ठेवलं होतं. घरातलं सगळं भांडण त्या पोत्यात होतं.

ही राजदूत बाबांनी १९७२ साली घेतली. पाटबंधारे खात्यात नोकरी लागली होती, खेडोपाडी कालव्यांच्या कामावर जावं लागे. आमचं घर तात्यापाऱ्यात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबं येत राहिली, त्यांचा रायपुरातला हा जुना मोहल्ला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं. रस्ते रुंद झाले, गाड्या बदलल्या, पण बाबांची राजदूत काही बदलली नाही. तिच्या पेट्रोलच्या टाकीवर बसून मी शाळेत गेले आहे. आता बाबा शहात्तर वर्षांचे आहेत. रोज सकाळी भाजी आणि पेपर आणायला ते तीच काढतात.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी चौकात अचानक गाय आडवी आली. बाबांनी पुढचा ब्रेक दाबला, हँडल थरथरलं, गाडी एका बाजूला ओढली गेली आणि बाबा पडले. वेग फार नव्हता म्हणून मनगटावर निभावलं.

दादा भिलाईला नोकरी करतो. हाताने काही करण्याची त्याला हौस आहे आणि अक्कलही आहे. तो म्हणाला, "बाबा, दोष तुमचा नाही, त्या पुढच्या चिमट्याचा आहे. साठ वर्षांपूर्वीची रचना ती! मी नवा बसवतो, डिस्क ब्रेकसकट." आणि पुढच्याच रविवारी त्यानं भंगारातून एका दीडशे सीसीच्या मोटारसायकलचा अख्खा पुढचा भाग आणला. दोन्ही शॉकअप, चाक, डिस्क, सगळं. जुन्या गाडीत तो बसवायला थोडी कापाकापी लागणार होती. कापाकापी हा शब्द ऐकताच बाबा उठून आत गेले. तेव्हापासून अबोला.

बाबांची राजदूत मुळात आहे तरी कशी, ते थोडं सांगते. आजच्या बहुतेक मोटारसायकलींना पुढे दोन सरळ नळ्या दिसतात. नळीत नळी सरकते, आत स्प्रिंग आणि तेल असतं. हा टेलिस्कोपिक फोर्क. तेलाचा दाब वापरणारा असा फोर्क बीएमडब्ल्यू कंपनीनं १९३५ मध्ये बाजारातल्या गाडीवर आणला आणि पुढे जगभर तोच रूढ झाला. बाबांच्या राजदूतचं घराणं वेगळं. एस्कॉर्ट्स कंपनीनं साठच्या दशकात पोलंडच्या एसएचएल या गाडीवरून ती भारतात बनवायला घेतली. तिच्या पुढच्या चिमट्याला खाली, चाकाच्या मागे, दोन आडवे हात जोडलेले असतात. चाक त्या हातांच्या पुढच्या टोकाला असतं. खड्डा आला की हात वर-खाली होतात आणि दोन आखूड शॉकअप तो धक्का गिळतात. अर्ल्स नावाच्या इंग्रज माणसानं ही पद्धत पुढे आणली. खुद्द बीएमडब्ल्यूनंही १९५५ ते १९६९ या काळात टेलिस्कोपिक सोडून हीच वापरली होती. तिची गंमत अशी, की ब्रेक दाबला तरी गाडी नाक खाली घालत नाही. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लादून जाणाऱ्या दूधवाल्यांची राजदूत उगीच लाडकी नव्हती!

म्हणजे रचना जुनी होती हे खरं, पण वाईट नव्हती. मग हँडल थरथरलं का?

मी दोघांमध्ये पडले. म्हटलं, "कापायचं की नाही हे नंतर ठरवा. आधी कुणा जाणकाराला तर दाखवा." बाबांचा जुना मिस्त्री आता दुकानावर मुलाला बसवतो, स्वतः फारसं काम करत नाही. मोहल्ल्यात सगळे त्याला उस्ताद म्हणतात. तो घरी आला, पोतं उघडून पाहिलं, राजदूतकडे पाहिलं आणि दादाला एवढंच म्हणाला, "पहले देखो, फिर काटो."

मग त्यानं जे केलं ते मी वहीत लिहून घेतलं. कुणाच्याही घरच्या मोटारसायकलला ते लागू पडेल, नवी असो की जुनी.

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन इंजिनाखाली लाकडी ठोकळा लावला, म्हणजे पुढचं चाक अधांतरी. हँडल एका बोटानं डावीकडून उजवीकडे फिरवलं. मधोमध आल्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकलं. याचा अर्थ, हँडलच्या दांड्याभोवतीचे छर्रे ज्या वाटीत फिरतात, तिला खळगे पडले होते. मग चिमट्याची खालची टोकं धरून पुढे-मागे ढकलली. 'टक्' असा आवाज आला. तो ढिलेपणाचा. चाक धरून आडवं हलवलं, तर चाकाबरोबर ते आडवे हातही हलले. त्यांच्या खिळीवरचे बुश झिजून अंडाकृती झाले होते. ड्रम उघडला, ब्रेकचे लायनर काचेसारखे गुळगुळीत. केबलची एक तार तुटलेली. शेवटी त्यानं टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले: २३११. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०११ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर! नक्षी शाबूत होती, पण रबर वाळून लाकूड झालं होतं.

"आता सांगा," उस्ताद म्हणाला, "यात कंपनीची चूक किती आणि आपली किती?"

दादा गप्प झाला, पण त्याचंही म्हणणं खोटं नव्हतं. पावसात डिस्क ब्रेक ड्रमपेक्षा भरवशाचा, नव्या शॉकअपचे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, आणि राजदूत तर २००५ पासून बनतच नाही. उस्तादनंही ते कबूल केलं. असे बदल त्यानं स्वतः केले आहेत. पण त्यात काय काय सांभाळावं लागतं, तेही त्यानं सांगितलं.

पहिली गोष्ट हँडलच्या दांड्याची. ज्या नळीत तो फिरतो, तिची लांबी आणि आतला व्यास प्रत्येक गाडीत निराळा. नवा दांडा बसत नाही म्हणून जुना कापून नव्याला वेल्डिंग करणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक उपाय. अख्खं पुढचं चाक त्या एका जोडावर लटकणार आणि तो तुटला तर सावरायला वेळच मिळणार नाही. चांगला कारागीर लेथवर मापाचा दांडा बनवून दाबून बसवतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. हॉटेलातल्या ट्रॉलीचं चाक पाहा. ते दांड्याच्या थोडं मागे राहतं, म्हणून ट्रॉली ढकलली की आपोआप सरळ होतं. मोटारसायकलीतही तसंच आहे. हँडलच्या दांड्याची तिरकी रेषा जमिनीपर्यंत नेली, तर चाक तिच्या किंचित मागे टेकतं. त्या अंतरामुळे गाडी सरळ चालते. नवा फोर्क आखूड निघाला तर गाडी पुढे झुकते, हे अंतर घटतं आणि हँडल चंचल होतं. लांब निघाला तर वळताना गाडी जड आणि आळशी वाटते. दोन-तीन सेंटिमीटरचा फरकही हाताला कळतो.

तिसरी गोष्ट जोराची. डिस्क ब्रेक जितका जोरात चाक धरतो, तितका जोर वर चौकटीच्या मानेवर येतो. पन्नास वर्षांपूर्वीची चौकट ड्रमचा हिशेब धरून जोडलेली. त्याशिवाय हँडल पूर्ण वळवल्यावर नळ्या टाकीवर आपटू नयेत, पुढचं चाक मागच्या चाकाच्या रेषेत यावं, किलोमीटरच्या काट्याची केबल जुळावी, ही कामं वेगळी. आणि एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना सक्तीचं झालेलं एबीएस काही डिस्कबरोबर फुकट येत नाही. त्याची यंत्रणा वेगळी असते. नुसती डिस्क लावून चाक जाम होणं टळत नाही.

कागदांचं मी पाहिलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातला तपशील आणि कंपनीचा मूळ नमुना यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा बजावलं. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर हात वर करू शकते. उलट २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. दुचाकीही त्यात येते. मात्र अशी नोंद केलेली गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. बाबांना भाजी आणायची होती, प्रदर्शनात उभं राहायचं नव्हतं. त्यामुळे तो मार्ग आम्ही सोडला.

हे सगळं चाललं असताना बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. उस्ताद चहा पिऊन गेला, तेव्हा मी सहज विचारलं, "बाबा, हँडल अडकतंय हे तुम्हाला कधी जाणवलं नाही?"

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "होळीपासून जाणवत होतं."

"मग सांगितलं का नाही?" दादा जवळजवळ ओरडलाच.

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बाबा, आता वय झालं, गाडी विका. आज म्हणता चिमटा बदला, उद्या म्हणाल चालवणाराच बदला."

दादा काही बोलू शकला नाही. मीही नाही. कारण गेल्या वर्षी फोनवर मीच दादाला म्हटलं होतं, त्यांची गाडी एकदा विकून टाक. ते बहुधा बाबांच्या कानावर गेलं होतं. म्हातारी माणसं दुखणं लपवतात असं आपण म्हणतो. पण सांगितल्यावर आपण काय करतो, हे त्यांना ठाऊक असतं. सात महिने बाबा त्या अडकणाऱ्या हँडलसह गर्दीत गाडी चालवत राहिले. गाडी जाण्याची भीती त्यांना पडण्याच्या भीतीपेक्षा मोठी वाटली.

पुढच्या आठवड्यात दादानं रजा काढली. नव्या वाट्या आणि छर्रे आणले, बुश लेथवर करून घेतले, ब्रेकला नवे लायनर चढवले, केबल आणि दोन्ही टायर बदलले. प्लास्टरातला हात सांभाळत बाबा शेजारी स्टुलावर बसून पाना हातात देत होते. कापाकापी काहीच झाली नाही. पोत्यातल्या फोर्कच्या भंगारातल्या किमतीहून थोडंच अधिक या सगळ्याला लागलं. अबोला कधी संपला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी हे लिहिते आहे तोवर प्लास्टर निघालं आहे. बाबा पुन्हा गाडी चालवतात, पण त्यांनी स्वतः तीन अटी घातल्या आहेत: हेल्मेटशिवाय नाही, दिवे लागल्यावर नाही, पावसात नाही. दादानं एक अट घातली: दर महिन्याला चाक अधांतरी करून हँडल फिरवून पाहायचं आणि काय आढळलं ते त्याला फोनवर सांगायचं. माझी अट मलाच आहे. बाबांनी काही सांगितलं, तर लगेच 'विका' म्हणायचं नाही.

जुनी गाडी नव्या साजानं चालवणारे हौशी लोक खूप आहेत आणि नीट मापून, कागद सांभाळून केलं तर त्यात वावगं काही नाही. मात्र दोष कशात आहे हे पाहिल्याशिवाय करवत हातात घेऊ नका. काढलेला मूळ भाग भंगारात देऊ नका, परतीची वाट मोकळी ठेवा. आणि ती गाडी घरातल्या वडीलधाऱ्यांची असेल, तर चिमट्याला हात लावण्याआधी त्यांच्याजवळ दोन घटका बसा. हँडल कुठे अडकतं, हे त्यांना आधीच ठाऊक असतं.