जयंतीला डॉल्बी, रविवारी कुलूप : आमच्या पोरांना धम्म शिकवणार कोण?



आम्ही सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या बौद्ध वस्त्यांत काम करतो. कोरेगाव, खटाव, माण, कराड, तासगाव, मिरज, जत. कुठेही जा, विहार आहे. फरशी घातलेली आहे, मूर्ती आहे, देणगीदारांच्या नावांची पाटी आहे. मात्र रविवारी सकाळी दहा वाजता तिथे वस्तीतली पंधरा-वीस मुले बसून काही शिकत आहेत, असे चित्र फार थोड्या ठिकाणी दिसते. विहार उघडतो तो १४ एप्रिलला, बुद्ध पौर्णिमेला, ६ डिसेंबरला, नाहीतर कुणाच्या लग्नाला किंवा पुण्यानुमोदनाला. वर्षावासात काही ठिकाणी ग्रंथवाचन होते. तिथेही पुढे बसलेल्या असतात आपल्या आया आणि आज्या. पोरे बाहेर मोबाईलवर.

आमचे म्हणणे सरळ आहे. जो समाज आपल्या मुलांना दर आठवड्याला शिकवत नाही, त्याने मिळवलेले सगळे दोन पिढ्यांत हातातून जाते. हे बौद्ध समाजाच्या बाबतीत आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे. १९५६ साली दहा वर्षांची असलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. नागपूरची दीक्षा ज्यांनी पाहिली, गावातली मेलेली जनावरे ओढणे ज्यांनी सोडले, घरातले देव ज्यांनी नदीत सोडले, ती माणसे एकेक करून जात आहेत. त्यांनी हे का केले, ते नातवाला कोण सांगणार? डॉल्बी?

या प्रश्नावर बोलताना आम्ही मुद्दाम एका वेगळ्या समाजाचे उदाहरण घेणार आहोत. तो समाज मराठीच आहे, पण आपल्यातल्या बहुतेकांनी त्याच्याकडे कधी नीट पाहिलेले नाही. तो म्हणजे कोकणातले बेने इस्रायल, मराठी बोलणारे ज्यू.

शनवार तेली

अलिबाग, पेण, रेवदंडा या भागात हे लोक शेकडो वर्षे तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनवार तेली. आडनावेही गावांवरूनच : केहिमकर, पेणकर, झिराड. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. पुढे बहुतेक इस्रायलला गेले. आज भारतातले सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आसपास असतील. त्यांच्याशेजारी आपला आकडा ठेवा. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाखांहून जास्त आहेत.

या मूठभर लोकांनी काय केले? १८४६ साली मुंबईत त्यांनी वल्हांडणाच्या सणाची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापून घेतली. १८७४ साली पुण्यात सचित्र हगादा निघाली. तिच्या चित्रांतल्या बायका साडी नेसलेल्या आहेत. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. हीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. आधी भाषा, मग पोथी, मग शाळा. कळत नाही ते पाठ करून टिकत नाही, हे या तेल्यांच्या नातवंडांना दीडशे वर्षांपूर्वी उमगले होते.

डॉ. जेरुशा झिराड आणि समजणारी प्रार्थना

पुढची पायरी एका बाईने चढवली. डॉ. जेरुशा झिराड स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या, लंडनला शिकल्या, १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लंडनमध्ये त्यांना क्लॉड माँटेफिऑरे आणि लिली माँटेग्यू यांची सुधारणावादी ज्यू चळवळ भेटली. १९२५ साली मुंबईत ज्युईश रिलिजस युनियन उभी राहिली, ती झिराडबाईंच्या पुढाकाराने. तिचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, भायखळ्याचे रोडेफ शालोम.

सुधारणावादी ज्यूंचे म्हणणे थोडक्यात असे. प्रार्थना समजली पाहिजे. बाई आणि पुरुष एकत्र बसले पाहिजेत. जुना नियम आजच्या विवेकाला पटत नसेल तर तो बदलता आला पाहिजे. आणि हे टिकवायचे तर मुलांना शिकवले पाहिजे, कारण परंपरेच्या धाकाने माणूस देवळात येतो, पण विचार पटल्यावर यायचे असेल तर आधी विचार माहीत असावा लागतो.

हे शेवटचे वाक्य आपल्याला थेट लागू आहे. हिंदू धर्माला मुलांसाठी वर्ग काढावा लागत नाही. टीव्ही, सण, शाळेतली प्रार्थना, गल्लीतले मंडळ, सगळेच त्याचा वर्ग आहे. आपण वाऱ्याच्या विरुद्ध चालणारे लोक आहोत. आपला धम्म हवेतून मिळत नाही. तो शिकवावाच लागतो.

वर्ग चालतो कसा?

ज्यूंची रविवारची शाळा १८३८ साली फिलाडेल्फियात रिबेका ग्रॅट्झ या बाईने सुरू केली. गरिबांची मुलेही यावीत म्हणून मोफत. मुलगे-मुली एकत्र, शिकवणाऱ्या बाया. ग्रॅट्झबाई स्वतः सुधारणावादी गटातल्या नव्हत्या, पण ही कल्पना पुढे सुधारणावाद्यांनी उचलून आपल्या सिनेगॉगचा कणा केली. आज अमेरिकेत या पंथाच्या सिनेगॉगला जोडून शाळा असते. तिथे वयाप्रमाणे वर्ग आहेत, ठरलेला अभ्यासक्रम आहे. तेराव्या वर्षी मुलाला आणि मुलीलाही सगळ्यांसमोर उभे राहून धर्मग्रंथाचा भाग वाचावा लागतो आणि त्यावर स्वतःचे चार शब्द बोलावे लागतात. अनेक ठिकाणी त्याआधी समाजसेवेचे एक काम करायचे असते. वर्गात डबा ठेवलेला असतो, मुले त्यात गरजूंसाठी नाणी टाकतात.

त्यांचीही अडचण आहे. तेरावे झाले की पोरे गळतात. म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी पुढचा वर्ग आणि समारंभ ठेवला. मोठ्या मुलांना धाकट्यांच्या वर्गात मदतनीस शिक्षक केले. १९३९ साली तरुणांची देशव्यापी संघटना काढली. १९५२ साली विस्कॉन्सिनमध्ये सुट्टीतले पहिले निवासी शिबीर सुरू केले. शिकवणारे तयार व्हावेत म्हणून १८७५ सालीच, म्हणजे केहिमकरांनी शाळा काढली त्याच वर्षी, सिनसिनाटीला त्यांचे महाविद्यालय निघाले होते. म्हणजे गळती कबूल केली आणि गळते तिथे पाचर मारली. आपण गळती बघतो आणि पुढच्या वर्षी बेस वाढवतो!

आणि घरात काय? वल्हांडणाच्या रात्री जेवणाआधी घरातले सगळ्यात लहान मूल विचारते की आजची रात्र वेगळी का. मग मोठ्यांना सांगावे लागते की आपण इजिप्तमध्ये गुलाम होतो आणि तिथून बाहेर पडलो. गुलामीची आठवण मुलाच्या प्रश्नातून दरवर्षी जागी होते. आपल्याकडे महाडचा २० मार्च १९२७ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ आहे. आमच्या साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० आहे, त्या दिवशी छोटा भिवा शाळेत दाखल झाला. मसूरचे स्टेशन आहे, तिथे १९०१ साली जात कळताच त्या लेकरांना बैलगाडी मिळेना. ही ठिकाणे आपल्या एसटीच्या रस्त्यावर आहेत. आपल्या घरातले सगळ्यात लहान मूल यातल्या कुठल्या दिवशी प्रश्न विचारते? आणि विचारलाच तर उत्तर कोण देते?

काही आक्षेप

पहिला आक्षेप आम्हाला ऐकू येतोच आहे : "ज्यूंचे काय सांगता, तिकडे पॅलेस्टाईनमध्ये काय चालले आहे ते बघा." बघतो आहोत, आणि अन्यायाला अन्यायच म्हणतो. पण एक राज्य म्हणजे सगळा समाज नव्हे. बेने इस्रायलांना त्याच राज्यात स्वतःच्या माणुसकीसाठी भांडावे लागले. १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढले की यांच्याशी लग्न लावण्याआधी यांची वंशावळ तपासा. मराठी ज्यू रस्त्यावर उतरले, आणि १९६४ साली संसदेने त्यांच्या बरोबरीच्या बाजूने ठराव केला. ते धुतल्या तांदळासारखे होते असेही नाही. त्यांच्यातही गोरा इस्रायल आणि काळा इस्रायल असा भेद होता, रोटीबेटी नव्हती. जात या मातीत राहणाऱ्या कुणालाच सोडत नाही. आम्ही त्यांची पूजा करा म्हणत नाही. त्यांची पद्धत तपासा आणि उपयोगी तेवढी घ्या म्हणतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : "बालसंस्कार वर्ग म्हणजे त्यांच्यासारखेच झाले. पोरांच्या डोक्यात लहानपणी पोपटपंची भरायची." हा धोका खरा आहे. त्रिसरण-पंचशील पालीत घडाघडा म्हणणारी आणि एकाही शीलाचा अर्थ न सांगता येणारी मुले आम्ही पाहिली आहेत. ज्या वर्गात प्रश्न विचारलेला चालत नाही तो वर्ग बुद्धाचा नाही. बुद्धाने कालामांना सांगितले ते हेच, की परंपरेने आले किंवा ग्रंथात आहे एवढ्यावर मानू नका. म्हणून वर्ग काढायचा नाही, हा मात्र उलटा तर्क झाला. प्रश्न विचारायलाही शिकवावे लागते. आपण वर्ग घेतला नाही तर मूल कोरे राहत नाही. ते सुट्टीत दुसऱ्या कुणाच्या तरी शिबिरात जाते, तिथे खेळ असतात, खाऊ असतो, आणि गोष्टींतून भरायचे ते भरले जाते. आमच्या वस्त्यांतली पोरे अशा शिबिरांना जातात. पालकांना विचारले तर म्हणतात, "मोफत आहे, शिस्त लावतात."

तिसरा आक्षेप : "आधी नोकरी, आधी स्पर्धा परीक्षा." जरूर. पण सांगलीला किंवा पुण्याला कॉलेजच्या वसतिगृहात गेलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात विचारतात, आडनाव काय, रँक किती, कोट्यातून का? त्या वेळी ज्याच्याकडे इतिहास आहे तो उत्तर देतो. ज्याच्याकडे फक्त गाण्यांची प्लेलिस्ट आहे तो आडनाव लपवतो. हे आम्ही समाजशास्त्राच्या पुस्तकातून सांगत नाही, रात्री अकराला फोन करून रडणाऱ्या पोरांकडून सांगतो. जनगणना आली की आपण घरोघर जातो, धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहा म्हणून. ज्याला 'बौद्ध' म्हणजे काय हे कधी सांगितलेच नाही, त्याने तो शब्द कशाच्या बळावर लिहायचा?

मग करायचे काय?

बाबासाहेबांनी हे सगळे आधीच पाहिले होते. १९५० च्या त्यांच्या लेखात धम्मासाठी एक सुटसुटीत ग्रंथ हवा आणि भिक्खू संघाची रचना बदलली पाहिजे, हे आहे. विहारात दर आठवड्याला सामुदायिक वंदना आणि नंतर प्रवचन व्हावे, हा त्यांचा आग्रह होता. ४ मे १९५५ ला त्यांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. महासभेची बालसंस्कार आणि श्रामणेर शिबिरे होतात, ते काम आम्ही मानतो. पण दहा दिवसांचे शिबीर वर्षभराच्या रविवारांची जागा घेऊ शकत नाही. दहा दिवस जेवून कुणी वर्षभर जगत नाही.

आमच्या मागण्या विहार समित्यांकडे आहेत आणि जयंती मंडळांकडेही आहेत.

१. दर रविवारी दोन तास वर्ग. पाऊस असो, लग्नसराई असो. वयाप्रमाणे तीन गट, आणि प्रत्येक गटाला वर्षभराचा लेखी अभ्यासक्रम.

२. जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा वर्गासाठी बाजूला काढायचा, आणि तो हिशेबाच्या फलकावर सगळ्यांना दिसेल असा लिहायचा.

३. शिकवणाऱ्यांत निम्म्या मुली. विहार समितीत बाया फक्त खिरीच्या पातेल्यापाशी दिसतात, हे बंद. झिराडबाई १९२५ साली पुढे उभ्या राहू शकल्या, तर आमच्या बीएड झालेल्या पोरी शंभर वर्षांनी का नाही?

४. सोळाव्या वर्षी प्रत्येक मुलामुलीने वस्तीसमोर पंधरा मिनिटे बोलायचे. बावीस प्रतिज्ञांपैकी एक घ्या, संविधानाचे एक कलम घ्या किंवा आपल्या आजीची मुलाखत घ्या. पाठांतर नको. खाली बसलेल्यांनी प्रश्न विचारायचे. नंतर दोन वर्षे त्याने धाकट्यांना शिकवायचे.

५. दार सगळ्यांना उघडे. वाटेगावच्या अण्णा भाऊंच्या जिल्ह्यात मातंगाचे, चर्मकाराचे, भटक्या समाजाचे पोर आपल्या वर्गात आले तर त्याला जात विचारणारा माणूस वर्गाबाहेर गेला पाहिजे, पोर नव्हे. गोरा-काळा आपल्याला नको.

तरुणांनो, मिरवणुकीत नाचू नका असे आम्ही म्हणत नाही. ज्यांच्या सावलीचाही विटाळ होत होता त्यांची पोरे भर रस्त्यात नाचतात, यातही एक उत्तर आहे. पण ते उत्तर एका रात्रीचे आहे. बाबासाहेबांनी दिलेला पहिला शब्द 'शिका' हा होता, आणि त्याचा दुसरा अर्थ 'शिकवा' असा आहे.

समितीच्या परवानगीची वाट पाहू नका. येत्या रविवारी पाच मुले गोळा करा, एक फळा घ्या, विहार मिळाला नाही तर समाजमंदिराच्या पायरीवर बसा. पहिल्या दिवशी मुलांना एवढेच विचारा : आपण बौद्ध का आहोत? जी उत्तरे येतील ती लिहून ठेवा. तुमचा अभ्यासक्रम तिथूनच सुरू होतो.

जय भीम! नमो बुद्धाय!