भाड्याचा घागरा

डिसेंबर लागला की आमच्या घराचं वेळापत्रक शाळा ठरवते. सकाळी कानटोप्या आणि मफलर शोधण्यात अर्धा तास जातो, तोवर रिक्षावाले काका दारात हॉर्न वाजवत असतात. संध्याकाळी दप्तरातून एकेक चिठ्ठी निघते. आज सहलीचं संमतीपत्र. उद्या बाल आनंद मेळाव्यात काय विकणार ते कळवा. परवा क्रीडा स्पर्धेसाठी पांढरे बूट. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ तारखेला जिजाऊंची, मग भोगी, संक्रांत, आणि तिळगूळ संपतो न संपतो तोच २६ जानेवारीची प्रभातफेरी. तुमच्याकडेही थोड्याफार फरकानं हेच असणार, मैत्रिणींनो. थंडीचे दोन महिने म्हणजे लेकरांची चंगळ आणि आयांची तारांबळ! तक्रार नाही हं. वर्षभरात घर सगळ्यात जास्त हसतं ते याच दिवसांत.

यातला माझा सगळ्यात आवडता दिवस बाल आनंद मेळाव्याचा. चौथी-पाचवीची पोरं वर्तमानपत्राच्या पुड्यांत भेळ भरून विकतात, कुणी उकडलेल्या शेंगा, कुणी बोरं, कुणी लिंबू सरबत (ते थंडीत कोण पितं, विचारू नका, पण संपतं). दहाची नोट हातात आली की सुटे परत देताना बोटांवर हिशेब चालतो. माझ्या लेकीला गेल्या वर्षी सगळा खर्च वजा जाता ३५ रुपये सुटले. ते तिनं आठवडाभर कंपासपेटीत ठेवून रोज मोजले. या मेळाव्यात मागच्या बाकावरचं पोरगंही टेबलाच्या मागे मालक म्हणून उभं असतं.

आणि मग येतं गॅदरिंग.

म्हणायला स्नेहसंमेलन. आमच्या वेळी त्यात आईची नऊवारी कमरेला चार गाठी मारून नेसवायच्या, कुणाच्या तरी आजीची नथ मागून आणायची, आणि पावडर-कुंकू लावून स्टेजवर ढकलायचे. नऊवारी सुटायची, नथ पडायची, लोक हसायचे, टाळ्याही वाजवायचे. आता नाच ठरला की आठ दिवसांत चिठ्ठी येते, ‘ड्रेसचे भाडे ६०० रुपये उद्यापर्यंत जमा करावेत.’ दोन नाचांत असेल तर दुप्पट. वर मेकअपचे वेगळे, शूटिंगचे वेगळे. ड्रेस जिल्ह्याच्या गावाहून टेम्पोतून येतात. आदल्या गावच्या पोरींच्या घामाचा वास तसाच असतो, मापं कशाची कशाला जुळत नाहीत, मग पडद्यामागे आम्ही आया तोंडात सेफ्टी पिना धरून घागरे आवळत बसतो. चार मिनिटांचा नाच! रात्री अकराच्या आत ड्रेस परत. घरी राहतो तो मोबाइलमधला व्हिडिओ, तोही पुढे उभ्या राहिलेल्या बाप्यांच्या डोक्यांआडून काढलेला.

पैसे गेल्याचं मला एवढं वाटत नाही. माझे मी भरते, कुरकुर करत का होईना. पण ही ६०० रुपयांची चिठ्ठी नुसती पैसे गोळा करत नाही, ती लेकरं निवडते. त्यातही गंमत अशी की कुणाला काढलंय असं कधी दिसतच नाही. कारण ती लेकरं स्वतःच बाजूला होतात.

माझ्या लेकीची एक मैत्रीण आहे. दोघी एकाच बाकावर बसतात. वडील मोंढ्यात हमाली करतात, आई घरी मशीनवर ब्लाऊज, फॉल-पिको करते. गेल्या वर्षी बाईंनी वर्गात विचारलं, नाचात कोण कोण? हिनं हात वर केला नाही. मी सहज विचारलं, “काय गं, तू का नाही?” तर खांदे उडवून म्हणाली, “मला नाच आवडतच नाही, काकू.” मी म्हटलं, असेल बाई, एकेकाची आवड.

मग आली वेळा अमावस्या. लातूर, धाराशिवकडच्या वाचक मैत्रिणींना ही सांगायला नको. इतरांसाठी सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या, डिसेंबरअखेर नाहीतर जानेवारीच्या सुरुवातीला येते. त्या दिवशी आमच्याकडे अख्खं गाव शेतात असतं. बाजारपेठेत कुत्रंही दिसत नाही, दुकानं बंद, रस्ते ओस. शेतात कडब्याची कोप करून पूजा मांडतात आणि मग जेवणं. मडक्यातली ताकाची आंबील, हरभरा, तूर, वाटाणा, पालेभाज्या अशा हाताला लागेल त्या हिरव्या मालाची बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. आदल्या रात्री बायका झोपत नाहीत हे खरं, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. पण या सणाची एक रीत मला फार मोलाची वाटते. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्यानं जेवायला बोलवायचं. शेजारी, ओळखीचे, बदलीवर आलेले नोकरदार, रस्त्यानं चाललेला अनोळखी माणूससुद्धा. ‘आम्हाला शेत नाही’ हे कुणाला सांगावं लागत नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही.

लेकीची ती मैत्रीणही घरच्यांसोबत आमच्या शेतावर आली होती. जेवणं झाल्यावर मोठी माणसं झाडाखाली आडवी झाली आणि पोरांनी कुणाच्या तरी मोबाइलवर गाणी लावली. मी भांडी गोळा करत होते. वर बघितलं तर ती पोरगी सगळ्यांच्या पुढे! कमरेला ओढणी खोचलेली, आणि गॅदरिंगचा तो अख्खा नाच, हातवाऱ्यांसकट, तालमीला न जाता तिला पाठ. माझी लेक दोनदा चुकली, तर हिनं तिला थांबवून पाऊल कसं टाकायचं ते दाखवलं. तालीम चालायची तेव्हा वर्गाच्या खिडकीतून बघून शिकली होती ती. दहा वर्षांची पोर. आईबापाला सहाशे रुपये मागायला नकोत म्हणून तिनं ‘आवडत नाही’ हे उत्तर शोधून काढलं, आणि ते इतकं सफाईनं दिलं की मोठ्या माणसालाही खरं वाटावं.

त्या दिवसापासून ‘माझ्या मुलाला स्टेजची आवड नाही’ असं कुणी म्हणालं की मी दोनदा ऐकते. काही लेकरं खरंच लाजाळू असतात. पण प्रत्येक वर्गात जी आठ-दहा प्रेक्षकांत बसतात, ती सगळीच लाजाळू असतात का? तुमच्या शाळेत बघा, आणि त्यांच्या घरी जाऊन आल्यावर मला सांगा.

आणखी एक. त्या पोरीची आई शिवणकाम करते. सहाशे रुपये भाड्याचा तो घागरा साध्या कापडात तिनं किती सुंदर शिवून दिला असता! गावात अशा किती तरी बाया आहेत. भाड्याचे पैसे टेम्पोत बसून जिल्ह्याला जातात, आणि इथली मशीनवाली लग्नसराईची वाट बघत बसते. पण याचा विचार कोण करतो?

यात शिक्षकांना दोष देऊ नका. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे काहीही झालं की बाईंवर ढकलायची सवय आहे. सरकारी कामं, परीक्षा, माहिती भरणं, त्यातून वेळ काढून त्या नाच बसवतात. भाड्याचा ड्रेस त्यांना सोपा पडतो, आणि खरं सांगायचं तर तो आपल्यालाच हवा असतो. “शेजारच्या इंग्रजी शाळेचं बघा कसं झकास झालं!” हे वाक्य पालकसभेत म्हणणाऱ्या आपणच ना?

घरातही तेच होत चाललंय. बोरन्हाणाचं बघा. संक्रांतीच्या सुमारास लहान लेकराला काळा झबला घालायचा, हलव्याचे दागिने चढवायचे, आणि चुरमुरे, बोरं, उसाची कांडकी, हरभरे डोक्यावरून सोडायचे. सगळी मजा होती ती भोवतीच्या पोरांच्या लुटालुटीत. गल्लीतली सगळी पोरं यायची, बोलावलेली आणि न बोलावलेली. आता मागे फुग्यांची कमान, फोटोग्राफर आणि मोजून बारा पाहुणे. बोरं लुटायला धावणारं पोरगं फ्रेममध्ये येतं म्हणून त्याला “ए, बाजूला हो” म्हणताना मी या कानांनी ऐकलंय.

सहलींचं मात्र अजून थोडं बरं आहे. एसटी शाळेच्या सहलींना निम्म्या भाड्याची सवलत देते. लाल गाडीतून किल्ला नाहीतर लेणी बघायला जाणाऱ्या शाळा अजून आहेत. पण आराम बस आणि वॉटर पार्कची टूम आपल्याकडेही निघाली आहे. एवढ्या थंडीत वॉटर पार्क, बाई!

तर करायचं काय? गॅदरिंग बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. लेकरांना स्टेज हवंच. दोनशे माणसांसमोर उभं राहून पहिल्यांदा घसा कोरडा पडणं, हे शिक्षणच आहे. माझं म्हणणं एवढंच की ड्रेस घरातला असावा. आईची साडी, वडिलांचं धोतर, आजीचं लुगडं, नाहीतर सरळ गणवेश आणि वर एकसारखी ओढणी. आणि प्रत्येक लेकरू एकदा तरी स्टेजवर यावं, नाचात नाही तर समूहगीतात, लेझमीत, नाटुकल्यात झाड होऊन का होईना. यावर लगेच “मग शोभा काय राहिली?” असं विचारणाऱ्या बायका आहेत. त्यांना मी २६ जानेवारीची लेझीम बघायला सांगते. पांढरा सदरा, डोक्याला फेटा, आणि दीडशे लेझमा एका ठेक्यात. भाड्याचं त्यात काय असतं?

आणि हे बोलायची जागा आपल्याला कायद्यानं दिलेली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अनुदानित शाळेत ही समिती सल्ला देण्यापुरतीच असते, पण सल्ला द्यायला तरी आपल्याला कोण अडवतंय? आपण तिथं जातो, रजिस्टरवर सही करतो, चहा पितो आणि कुकर लावायचाय म्हणून उठतो.

आमच्या शाळेत यंदा मी हा विषय काढला. मुख्याध्यापक म्हणाले, लेखी द्या. दिलं. सह्या गोळा करायला घरोघर फिरले, आणि लेकीच्या त्या मैत्रिणीच्या आईकडे मोठ्या विश्वासानं गेले. तिनं मशीन थांबवलं, अर्ज सगळा वाचला आणि कागद परत माझ्या हातात दिला. “ताई, तुमचं बरोबर हाय. पण मी सही केली की लोक म्हणतील, हिच्याकडंच पैसे नाहीत म्हणून करायली. माझ्या पोरीला वर्गात बोलतील. तुमच्यासारख्यांनी करावं हे.”

तिला मी आग्रह केला नाही. तिथून निघाले ती डॉक्टरीणबाईंकडे गेले, मग कापड दुकानवाल्या वहिनींकडे, मग बँकेतल्या मॅडमकडे. ज्यांना सहाशे रुपयांनी काही फरक पडत नाही, त्याच सगळ्या. आतापर्यंत १४ सह्या झाल्या आहेत. तुमच्या गावात असा अर्ज करणार असाल तर दिवाळीच्या सुट्टीआधीच द्या. सुट्टी संपली की ड्रेसवाल्याला आगाऊ रक्कम जाते, आणि मग शाळेच्याही हातात काही राहत नाही.